आधी वेलांटी

छापखान्याच्या माळ्यावरचं हिरवं कपाट शनिवारी रिकामं करायचं आहे. मालकांच्या मुलाचा फोन आला. म्हणाला, "ताई, भंगारवाल्याला सांगून ठेवलंय. त्याआधी एकदा येऊन आत काय काय आहे ते लिहून द्या. मला त्यातलं काही ओळखू येत नाही." तेवीस वर्षं त्या कपाटाची किल्ली माझ्या पर्समध्ये होती, म्हणून हा मान.

पॅडला पाठकोरा कागद लावून बसले. कागदाच्या दुसऱ्या अंगाला माझ्याच नोट्स होत्या, बीसीएच्या दुसऱ्या वर्षाच्या. पायथॉनमध्ये यादी शून्यापासून मोजतात. पहिली वस्तू ती शून्यावी. सवयीने १ लिहिला, खोडून ० केला, मग दोन्ही बरोबर वाटेनात म्हणून आकडे घालायचंच सोडलं.

चपलांची फळी. ही कपाटात नाही, दाराबाहेर आहे, पण घेतली. १९९६ साली पहिले दोन कॉम्प्युटर आले ते खोली घेऊनच आले. खोलीला एसी, दाराला स्प्रिंग, मॉनिटरवर प्लास्टिकचं झाकण, आणि चपला बाहेर. छापखान्यात कुठेही पिंक टाकणारी माणसं या दाराशी आली की पाय पुसायची. खंडेनवमीला छपाईच्या ट्रेडल यंत्राला हार घालायचे तसा सीपीयूला घातला. कुंकवाचं बोट नेमकं फ्लॉपीच्या फटीवर टेकलं, आणि दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी इंजिनिअरला बोलवावं लागलं. आता कॉम्प्युटरजवळ चपला काढा असं कुणी सांगत नाही. माझा अभ्यासाचा लॅपटॉप ओट्यावर, कणकेच्या परातीशेजारी असतो.

लाकडी केस, एक. खिळे नाहीत. केस म्हणजे खणाखणांचं मोठं तबक, एका खणात एकाच अक्षराचे शिशाचे खिळे. ही अण्णांची. अण्णा जुळारी होते. मी लागले तेव्हा त्यांची अठ्ठावीस वर्षं झाली होती. डाव्या हातात खिळे जुळवायची स्टिक, उजवा हात खणांवरून फिरतोय, आणि डोळे समोरच्या हस्तलिखितावर. खण कुठला ते बघायचे नाहीत. बघितलं तर चुकायचे, असं स्वतःच सांगायचे.

मी आल्यावर वर्षभरात ट्रेडल थांबलं. शिसं वितळवायला गेलं. अण्णा कोपऱ्यातल्या टेबलाशी मुद्रितं वाचायला बसले. त्यांची जागा मी घेतली हे मला माहीत होतं, त्यांना माहीत होतं, आणि आम्ही दोघांनी ते कधी तोंडातून काढलं नाही. एकदाच म्हणाले, "बाई, तुमच्या यंत्रात शिसं नाही ते बरंय. आम्ही जन्मभर उतारा म्हणून गूळ खाल्ला." त्यांच्या खिशात शेवटपर्यंत गुळाचा खडा असायचा. खिशाला मुंग्या लागायच्या.

केसचे खण मोजायला बसले होते. मोजून काय करणार, म्हणून सोडलं. एका खणात पेन्सिलने बारीक 'ज्ञ' लिहिलाय.

माउसचे गोळे, चार. रबरी, जड, सुपारीपेक्षा मोठे. दर सोमवारी काढून रुमालाला पुसायचे आणि आतल्या चाकांवरचा मळ नखाने काढायचा. धाकट्या भाच्याला दाखवला तर त्याने क्रिकेटची चौकशी केली.

ट्रेसिंग पेपर, अर्धं बंडल, कडांनी पिवळं. यावर थोडं थांबते.

पान पेजमेकरमध्ये लागलं की लेझर प्रिंटरवरून ट्रेसिंगवर काढायचं, आणि उलटं काढायचं, आरशात दिसतं तसं. कारण प्लेटवर ट्रेसिंग ठेवताना शाईची बाजू प्लेटला चिकटून हवी. मध्ये कागदाची जाडी आली तर उजेड आत शिरतो आणि अक्षराच्या कडा खातो. म्हणून उलटं. दिवाळी अंकाच्या दिवसांत, रात्री दहा-अकराला, संपादक घरी गेलेले, प्लेटवाला जिन्यात उभा, आणि शेवटची नजर टाकताना 'प्रकाशक'चा 'प्रकशक' झालेला दिसायचा. उलट्या पानावर. मग दुसऱ्या ट्रेसिंगवरून तेवढा शब्द ब्लेडने कापायचा, जीभ दातांत धरून पारदर्शक टेपने बसवायचा, आणि चुकलेला खरवडून काढायचा.

उलटं देवनागरी मला सरळ वाचता यायचं, अजून येतं. अण्णांनाही यायचं, खिळा हा उलटाच असतो, स्टिकमधली ओळ त्यांनी आयुष्यभर तशीच वाचली. माझ्या यंत्रातलं दुसरं काहीच त्यांना आपलं वाटलं नाही. ट्रेसिंग मात्र हातात घेतलं की ते चष्मा वर सारायचे आणि भरभर वाचत सुटायचे. माझ्या आधी चूक काढायचे. तेवढ्यापुरते आम्ही एका कामाचे होतो.

आता पीडीएफ जाते आणि प्लेट थेट निघते. उलटं वाचता येणं ही गोष्ट कुठल्याही अर्जाच्या कुठल्याही रकान्यात बसत नाही. 'इतर कौशल्ये' असा रकाना होता प्रवेशाच्या अर्जात. मी 'नाही' लिहिलं.

लॉक, तीन. बोटाच्या दोन पेरांएवढा तुकडा, कॉम्प्युटरच्या मागे प्रिंटरच्या खाचेत बसणारा. मराठी फॉन्टचं सॉफ्टवेअर घेतलं की हा यायचा. हा लावला नाही तर मराठी उठायची नाही. कॉम्प्युटर चालू, इंग्रजी चालू, मराठी बंद. एकदा रंगकाम चालू असताना एक लॉक हरवलं. दोन दिवस छापखान्यात भाषाच नव्हती. ऑपरेटर पोरी मोबाइलवर गाणी ऐकत बसल्या. शेवटी लॉक रंगाऱ्याच्या डब्यात, ब्रशांखाली सापडलं. मालकांनी त्याला पन्नास रुपये दिले आणि पुढे आठवडाभर त्याच्यावर संशय घेतला. तीनही लॉक मी दोऱ्याने एकत्र बांधले आणि यादीत 'मराठी, ३ नग' असं लिहिलं. मुलगा हसेल तर हसू दे.

सीडी, एक चळत. भंगारात जाणार नाहीत. पुण्यातल्या कुठल्या तरी बाल्कनीत कबुतरं हाकलायला लटकतील.

पिवळं पाकीट, त्यात माझीच दोन प्रमाणपत्रं. मराठी टंकलेखन, मिनिटाला ३० शब्द आणि ४० शब्द. नोकरी लागली तेव्हा मालकांनी ओरिजिनल ठेवून घेतली होती; तशीच रीत होती. मी मागितली नाहीत, त्यांनी दिली नाहीत. पाकिटावर माझं माहेरचं आडनाव.

क्लास शनिवार पेठेत, दुसऱ्या मजल्यावर. जिन्यातच आवाज यायचा, पत्र्यावर गारा पडाव्यात तसा. तासाची बॅच, बारा मशिनं, त्यातलं खिडकीजवळचं सगळ्यांना हवं असायचं कारण त्याचा काना अडकत नसे. सर खुर्चीत डोळे मिटून बसायचे आणि नुसत्या आवाजावरून सांगायचे, "तिसरी, करंगळी आळशी आहे तुझी." हे १९९३ सालचं. गोदरेजने टाइपरायटर बनवायला घेतले १९५५ मध्ये आणि थांबवले २००९ मध्ये. म्हणजे मी त्याच्यापुढे बसले तेव्हा त्याचे दिवस भरत आले होते. आम्हाला कुणी सांगितलं नाही. सांगितलं असतं तरी बाबा म्हणाले असते, असू दे, हाताला वळण तर लागेल.

टंकलेखनाची परीक्षा अजून होते, महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदच घेते, फक्त कॉम्प्युटरवर. गेली ती घंटी. ओळ संपत आली की घंटी वाजायची आणि पुढच्या पाच-सहा ठोक्यांत ठरवायचं, शब्द पुरता बसेल की तोडायचा, तोडायचा तर कुठे. आता ओळ आपली आपण खाली उतरते. शब्द कुठे तोडला तर दुखत नाही हे सांगणारी माणसं त्या घंटीबरोबर उतरली.

कार्बन पेपर, एक डबी, वरचे दोन वाळलेले. मूळ प्रत पार्टीला, कार्बनची स्थळप्रत फाइलला. स्थळप्रत हा शब्द मला फार आवडायचा. प्रत गेली, पण तिची जागा राहिली, असं काहीतरी त्यात वाटायचं.

फ्लॉपी, दहाच्या सात डब्या. फ्लॉपीवर सगळ्यांचं लिहून झालंय, त्यामुळे थोडक्यात. एकीत १.४४ एमबी. आज मोबाइलमधला एक फोटो तिच्यात मावत नाही; तेव्हा फोटो सोडून अख्ख्या दिवाळी अंकाचा मजकूर चारपाच फ्लॉप्यांत बसायचा. सोनीने २०११ मध्ये फ्लॉपी विकणं बंद केलं. डब्यांवर माझ्या अक्षरात सालं आहेत, ९७ ते २००३. '९८ दिवाळी, अंतिम', '९८ दिवाळी, अंतिम २', '९८ दिवाळी, अंतिम खरा'.

या ९८च्या डबीमुळेच पुढचं सगळं झालं, म्हणून ते इथेच सांगते.

२०१९ मध्ये छापखान्याने डीटीपी विभाग बंद केला. मी घरून कामं घेऊ लागले: लग्नपत्रिका, कार्यअहवाल, कुणाच्या तरी वडिलांचं आत्मचरित्र. मग तीही आटली. आमच्या बसस्टॉपसमोर एका कॉलेजात यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचं केंद्र आहे. विद्यापीठ नाशिकचं, १९८९ सालचं, माझ्या दहावीच्याही आधीचं. 'ज्ञानगंगा घरोघरी' ही पाटी मी किती वर्षं वाचली असेल. बस लवकर यायचीच नाही. सेहेचाळिसाव्या वर्षी रस्ता ओलांडला. बारावीची गुणपत्रिका, एफवाय बीकॉमला नापास झाल्याची गुणपत्रिका (ती लागत नव्हती, मीच दिली), दोन फोटो.

पहिल्या रविवारी वर्गात शिरले तर पोरं उठून उभी राहिली. मी बाकावर जाऊन बसले तेव्हा हशा. मग काही दिवस 'मॅडम', मग कुणीतरी 'काकू' काढलं, सत्राअखेरीला 'ताई'वर मिटलं. शिकवणारे सर तिशीतले. ते मला अजून कुठलंच नाव न घेता बोलवतात, फळ्याकडे बघून म्हणतात, "तुम्हाला समजलं?"

पुरवणीचा दोरा. हा कपाटात नव्हता, पण परीक्षेला बसले तेव्हा मी तो शोधला. आमच्या वेळी उत्तरपत्रिका भरली की उभं राहून पुरवणी मागायची, आणि शेवटच्या पाच मिनिटांत वर्गभर पांढरे दोरे फिरायचे. पुरवण्या किती बांधल्या त्यावर माणसाची हुशारी ठरायची. आता उत्तरपत्रिकेची पानं ठरलेली, दोरा नाही. त्याहून वाईट म्हणजे हात. वीस वर्षं सही आणि किराणा यांपलीकडे मी पेनने काही लिहिलं नव्हतं. दुसऱ्या तासाला अंगठ्याखालचा भाग असा दुखायला लागला की येत असलेलं उत्तर मी आखडतं घेतलं. कळफलकावर मिनिटाला चाळीस शब्द, आणि पेनने प्रोग्राम लिहायचा. कागदावर प्रोग्राम लिहायला लावणं म्हणजे पाण्याशिवाय पोहण्याची परीक्षा, हे माझं मत मी सरांना सांगितलं. ते फळ्याकडे बघत म्हणाले, "नियम आहे."

'लेट अस सी', यशवंत कानेटकरांचं, जुनी आवृत्ती. हे मात्र कपाटातच निघालं. छापखान्यात कुणी आणलं ठाऊक नाही. आत अप्पा बळवंत चौकातल्या जुन्या पुस्तकांच्या दुकानाचा शिक्का आहे आणि पहिल्या चाळीस पानांत निळ्या पेनने खुणा. एकेचाळिसाव्या पानापासून पुस्तक कोरं. खुणा करणारा कोण असेल त्याचा मी अंदाज केला, दोन नावं समोर आली, दोघंही आता फ्लेक्सच्या धंद्यात आहेत. कानेटकर नागपूरचे. देशभर कितीतरी पोरांनी सी त्यांच्याकडून शिकलं, निळ्या पडद्यावरच्या टर्बो सीमध्ये. आम्हाला आता पायथॉन आहे. पायथॉन १९९१ची, म्हणजे मी दहावीत होते त्या सुमाराची. भेटायला आम्हा दोघींना तीस वर्षं लागली.

आता वेलांटी. हिला यादीत कसं घ्यायचं ते कळेना, कारण ती कपाटात कुठेच नाही.

टाइपरायटरवर मराठी दिसते तशी टाइप करायची. 'कि' हवा तर आधी पहिली वेलांटी, मग क. कारण वेलांटीचा दांडा क च्या डाव्या हाताला उभा असतो आणि कागदावर उमटायचं डावीकडून उजवीकडे. ख, ध, भ, ण ही काना असलेली अक्षरं दोन ठोक्यांत व्हायची: आधी अर्धं अक्षर, मग त्याला काना. म्हणजे 'भा' लिहायला काना दोनदा, एक अक्षराच्या अंगाचा, एक स्वराचा. रफार सगळ्यात शेवटी, अक्षर उभं राहिल्यावर, पोराला शाळेत निघताना टोपी घालावी तसा. डीटीपीचे जुने फॉन्ट याच चालीवर बेतलेले. त्यामुळे मशिनवरून उठून मी कॉम्प्युटरपुढे बसले तेव्हा बोटांना काही झाल्याचं कळलंच नाही.

युनिकोडने ही चाल फिरवली. तिथे मराठी बोलू तशी साठते. आधी क, मग त्याचा स्वर. वेलांटी डावीकडे काढून दाखवायची हे फॉन्टने बघायचं. विंडोजबरोबर आलेला मंगल फॉन्ट र. कृ. जोशींचा, अक्षरांवर जीव असलेल्या माणसाचा. त्यात ते नीट दिसायचं. पण बोटं? मी सवयीने आधी वेलांटी मारायचे, आणि पडद्यावर ठिपक्याठिपक्यांचं एक रिकामं वर्तुळ उमटायचं, त्याला वेलांटी लटकलेली. अक्षर कुठाय, असं विचारणारं वर्तुळ. दिवसाला शंभर वर्तुळं. इनस्क्रिप्ट शिकले, स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या, सगळं तर्काला धरून. बुद्धीला एका आठवड्यात पटलं. बोटांना पटायला दोन वर्षं लागली, आणि घाईत असले की ती अजून माहेरी जातात.

'धार्मिक' हा एक शब्द घ्या. जुन्या चालीने: अर्धा ध, काना, काना, वेलांटी, म, रफार, क. नव्या चालीने: ध, काना, र, हलन्त, म, वेलांटी, क. ठोके दोन्हीकडे सातच. पहिल्या दोन कान्यांपैकी एक ध च्या पोटात गेला. वेलांटी म ला ओलांडून उजवीकडे गेली. रफार त्याच म ला ओलांडून डावीकडे आला, र झाला. जिन्यात दोन माणसांनी अंग चोरून एकमेकांना वाट द्यावी, तसं.

दुसऱ्या वर्षाला जोडीने एक प्रकल्प करायचा असतो. माझा जोडीदार वीस वर्षांचा, दुपारी मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात बसतो. त्याला उपाहारगृहाच्या बिलाचा प्रोग्राम करायचा होता. वर्गातल्या अर्ध्या जोड्या तेच करत होत्या. मी ९८च्या डबीतल्या मजकुराची प्रत त्याला दाखवली. फॉन्ट नसलेल्या कॉम्प्युटरवर ती फाइल उघडली की मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरं, टिंबं, डॉलरची चिन्हं, शेवया सांडल्यासारखी. म्हटलं, हा दिवाळी अंक आहे. सहा कथा, एक परिसंवाद, बारा कविता. हे वाचता येईल असं करायचं. तो म्हणाला, "ताई, हे कोण वाचणार?" खरं उत्तर माझ्याकडे नव्हतं. म्हटलं, लिहिणाऱ्यांपैकी दोघी अजून आहेत, त्यांना तरी.

त्याने दोन संध्याकाळी घालून प्रोग्राम लिहिला. 'धर्म' सुरेख आलं. 'किती' आलं. तो उठून उभा राहिला. मग 'धार्मिक' आलं ते मोडून, मध्ये तेच ठिपक्यांचं वर्तुळ. 'मूर्ती'चंही तेच. तो ओळीमागून ओळ तपासत बसला आणि मला न बघताच कळलं होतं. त्याचा रफार मोजून एक घर मागे यायचा. 'धर्म'मध्ये एक घर मागे म आहे, म्हणून जमलं. 'मूर्ती'मध्ये एक घर मागे दुसरी वेलांटी आहे. रफाराला घरं मोजून चालत नाही. स्वर ओलांडायचे, व्यंजन ओलांडायचं, ते जोडाक्षर असेल तर अख्खं ओलांडायचं, आणि मग बसायचं. मी हे त्याला बोटाने टेबलावर वाजवून दाखवलं. तो माझ्या बोटांकडे बघत राहिला आणि म्हणाला, "हे कुठे लिहिलंय?"

घरी मुलगी म्हणाली, "आई, एआयला विचार ना, दोन मिनिटांचं काम आहे." विचारलं. दोन मिनिटांत आलंही, नीटनेटकं, टिपांसकट. 'धर्म' सुरेख. 'धार्मिक' मोडलेलं. मी त्याला चूक सांगितली, त्याने माफी मागितली, आणि दुसरी चूक केली. चौथ्या खेपेला बरोबर आलं. मला हसूही आलं आणि पोटात खड्डाही पडला. कारण चौथ्या खेपेला आलं ते माझ्यापेक्षा बरं होतं, आणि पुढच्या वर्षी पहिल्या खेपेलाच येईल. मी ज्या गाडीत चढते ती शेवटच्या स्टेशनाजवळ आलेली असते, हे आता सवयीचं झालंय. टाइपरायटर झाला, ट्रेसिंग झालं. यादीच्या खाली एक ओळ मोकळी सोडून लिहिलं: 'स्वतः प्रोग्राम लिहिणं, वापरात, किती दिवस माहीत नाही.' मग ते खोडलं. भंगारवाल्याच्या यादीत असल्या गोष्टी लिहू नयेत.

प्रोग्राम आम्ही आमचाच ठेवला.

'ॲ'. हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ मध्ये आलं. त्याआधी आमचं ॲडव्हान्स आणि आमचं ॲसिड कुणी अ वर चंद्र चिकटवून, कुणी ए वर चिकटवून लिहायचं. जाणाऱ्या वस्तूंत एक येणारी असावी म्हणून घेतलं.

शनिवारी भंगारवाला आला. आधी लोखंड: कपाटच त्याने पहिलं तोललं, आतलं सगळं जमिनीवर ओतून. केस हातात घेऊन नखाने खरवडली. "सागवान हाय. शोपीसवाले घेतात. भिताडाला लावून त्यात बाहुल्या ठेवतात." मी म्हटलं, ही नाही द्यायची. मालकांचा मुलगा माझ्याकडे बघत होता. म्हटलं, रिक्षाने नेते. मदरबोर्ड त्याने वेगळे काढले, त्यांना वेगळा भाव. ट्रेसिंग रद्दीत गेलं. फ्लॉप्या तो घेईना. "याचं काय होत नाय. पत्रा काढायला माणूस बसवायचा म्हंजी मजुरी जास्त." लॉकचा जुडगा उचलून त्याने विचारलं, "हे काय?" मी सांगायला तोंड उघडलं आणि नुसतं म्हटलं, "ते राहू द्या."

सात डब्या, तीन लॉक, एक केस, एक पाकीट, कानेटकर. रिक्षावाल्याने केससाठी दहा रुपये जास्त घेतले.

रात्री ९८चा अख्खा अंक प्रोग्राममधून काढला. वेलांट्या जागेवर, रफार जागेवर. सहाही कथा वाचता येतात. एकच गोष्ट राहिली आहे, य आणि ह आधीचा आडवा र. जुन्या फॉन्टमध्ये त्याची वेगळी कळ होती. आमच्या तक्त्यात मी त्याला साधा अर्धा र लिहून बसले, आणि साधा अर्धा र य च्या डोक्यावर चढून रफार होतो. युनिकोडमध्ये या कामासाठी खाली टिंब असलेला ऱ वापरायचा. तक्त्यात तो द्राविडी भाषांतल्या र साठी म्हणून दिलाय, आणि खाली बारीक टीप आहे की त्याचं अर्धं रूप म्हणजे हा आडवा र. इंग्रजीत त्याला पापणी म्हणतात. मराठीचा र दुसऱ्याच्या घरात पोटभाडेकरू म्हणून राहतो हे मला त्या टिपेवरून कळलं.

तक्त्यातली एक ओळ बदलायची आहे, पण बदलली की आधीचे खरे रफार बिघडत नाहीत ना ते प्रत्येक ठिकाणी बघायला हवं. म्हणून प्रोग्रामकडून चुकलेल्या शब्दांची यादी काढून घेतली. शून्यापासून. पायऱ्या. दुसऱ्या. नोकऱ्या. बऱ्याच. वाऱ्यावर. कचऱ्यात. पुन्हा एकदा नोकऱ्या. एकूण चारशे अकरा. जोडीदाराला पाठवली. त्याचं उत्तर आलं, "ताई झोपा. मंगळवारी द्यायचंय, उद्या अर्ध्या मी बघतो." मी पहिल्या अर्ध्या घेतल्या.